सोडलेल्या वाटांचे वारसदार : लिगुरियाच्या किनाऱ्यावरील सायकल-भ्रमंतीचा इतिहास

इटलीच्या वायव्येस, फ्रान्सच्या सीमेपासून तस्कनीच्या हद्दीपर्यंत, धनुष्याच्या आकारात पसरलेल्या लिगुरिया या चिंचोळ्या प्रांतात सपाट जमीन जवळजवळ नाहीच. सुमारे ५,४०० चौरस किलोमीटरच्या या भूभागाचा दोन-तृतीयांश हिस्सा पर्वतांनी व्यापलेला असून उरलेला टेकड्यांचा आहे. मध्यभागी जेनोआ हे बंदर असून त्याच्या पश्चिमेकडील किनाऱ्याला ‘पोनेंते’, म्हणजे मावळतीचा किनारा, आणि पूर्वेकडील किनाऱ्याला ‘लेव्हांते’, म्हणजे उगवतीचा किनारा, असे म्हटले जाते. आल्प्स आणि अपेनाइन्स या पर्वतरांगांच्या सोंडा येथे थेट समुद्रात उतरतात, दोन सोंडांच्या मधल्या घळीतून पावसाळी ओढे वाहत येतात, त्यांच्या मुखाशी एखादे गाव वसलेले असते, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर मधले भूशिर एक तर चढून ओलांडावे लागते किंवा त्याच्या कड्याला कोरून काढलेल्या वाटेने वळसा घालावा लागतो. युरोपातील सायकल-भ्रमंतीच्या आद्य प्रदेशांमध्ये या किनाऱ्याची गणना होते. तथापि त्याच्या इतिहासाकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते की, सायकलस्वारांसाठी म्हणून येथे शंभर वर्षांहून अधिक काळ एकही वाट बांधली गेली नाही. प्रत्येक पिढीतील अधिक वेगवान वाहनाने जो मार्ग मागे टाकला, तोच सायकलीच्या वाट्याला आला, आणि हा वारसा कधी मिळाला व कधी हिरावला गेला, यातच येथील सायकल-पर्यटनाचा इतिहास सामावलेला आहे.

रोमन साम्राज्याला हा किनारा पार करण्याची गरज होती, त्यावर वस्ती करण्याची नव्हे. सम्राट ऑगस्टसच्या काळात, इसवी सनपूर्व १३ च्या सुमारास, इटलीतून दक्षिण गॉलकडे, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागाकडे, जाणारा ‘व्हिया जुलिया ऑगस्टा’ हा मार्ग आखण्यात आला. आल्प्समधील टोळ्यांवरील विजयाचे स्मारक म्हणून त्याच मार्गावर ला तुर्बी येथे उभारलेली प्रचंड वास्तू आजही मोनॅकोच्या वरच्या कड्यावर उभी आहे. रोमन स्थापत्यकारांनाही येथील भूशिरांपुढे नमते घ्यावे लागले, याचा पुरावा फिनाले लिगुरे या गावाजवळ सापडतो. तेथे किनारा इतका खडकाळ होता की मार्ग आतल्या व्हाल पोंची या खोऱ्यात वळवावा लागला, आणि त्या खोऱ्यातील रोमन पुलांचे अवशेष आता रानात उभे आहेत. साम्राज्य लयास गेल्यावर या मार्गाची निगा राखणारे कोणी उरले नाही. दान्तेने आपल्या ‘पुर्गातोरियो’त एका दुर्गम चढणीचे वर्णन करताना लेरिची ते तुर्बी या पट्ट्यातील ढासळलेल्या वाटांचाच दाखला दिला आहे, यावरून चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांची काय दशा झाली होती, याची कल्पना येते.

पुढील पाच शतके जेनोआचे प्रजासत्ताक समुद्रावर जगले आणि माल व माणसे दोन्ही जहाजांतून हलत राहिली. सोळाव्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांच्या धाडी वाढल्यावर किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज उभे राहिले, आणि वर डोंगरउतारांवर एकमेकींना चिकटून बांधलेल्या घरांच्या वस्त्या या काळात अधिकच घट्ट झाल्या. त्या वस्त्यांना जोडणाऱ्या वाटा खेचरांसाठी होत्या. त्यांना ‘मुलात्तिएरे’ म्हणत. रुंदी दोन लादलेली खेचरे एकमेकांना ओलांडून जातील इतकी, तळाला बसवलेले दगड, आणि चढ फार झाला तेथे सरळ पायऱ्या, अशी त्यांची रचना असे. उतारांवर ऑलिव्ह आणि द्राक्षे पिकवण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची शेती केली जाई व प्रत्येक पायरीला चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून बांध घातला जाई; कोकणातील वाड्यांभोवतीच्या गडग्यांसारखीच ही विद्या असून २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांतील या कौशल्याचा समावेश युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत केला. पायी चालणाऱ्यांना आणि जनावरांना ही व्यवस्था पुरेशी होती, पण चाकासाठी ती जवळजवळ पूर्णपणे बंद होती.

चाकाला पहिली वाट लष्कराने करून दिली. १७९७ मध्ये जुने प्रजासत्ताक कोसळले, १८०५ मध्ये लिगुरिया फ्रेंच साम्राज्याला जोडला गेला, आणि ब्रिटिश आरमाराच्या धाकामुळे समुद्रमार्ग असुरक्षित झालेल्या नेपोलियनला तोफा व रसद खुष्कीने नेता येईल असा रस्ता आवश्यक वाटू लागला. डोंगराच्या कड्याला कठड्यासारखा लगटून जाणारा हा रस्ता ‘कॉर्निश’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि १८१५ नंतर हा प्रदेश सार्डिनियाच्या राज्याकडे गेल्यावर त्याचे उरलेले काम टप्प्याटप्प्याने पुढे गेले. घोडागाडीला झेपेल इतकाच चढ ठेवायचा आणि त्यासाठी हवी तेवढी वळणे घ्यायची, हे त्याच्या आखणीचे सूत्र होते. त्यामुळे जेथे खेचराची वाट सरळ डोक्यावर चढत होती, तेथे हा रस्ता लांबचा पण सुसह्य झाला. युरोपातील सुखवस्तू प्रवाशांना या किनाऱ्याची ओळख याच रस्त्याने झाली. जोव्हान्नी रुफिनी या निर्वासित इटालियन लेखकाने इंग्रजीत लिहिलेली व १८५५ मध्ये एडिंबरो येथे प्रकाशित झालेली ‘डॉक्टर अँटोनियो’ ही कादंबरी तर बोर्दिगेरा गावाजवळ याच रस्त्यावर उलटलेल्या एका बग्गीपासून सुरू होते, आणि ती वाचून हिवाळ्यात या किनाऱ्यावर येणाऱ्या इंग्रज कुटुंबांची संख्या वाढत गेली.

हा घोडागाड्यांचा काळ रेल्वेने संपवला. जेनोआ ते फ्रान्सच्या सीमेवरील व्हेंतिमिल्या हा लोहमार्ग २५ जानेवारी १८७२ रोजी खुला झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, जेनोआपासून पूर्वेकडे ला स्पेत्सियापर्यंतची वाटही पूर्ण झाली. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे अभियंत्यांनी भूशिरे ओलांडण्याऐवजी ती पोखरली आणि रूळ पाण्याच्या कडेकडेने, कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष पुळणीवरून, नेले. टपाल, पर्यटक आणि व्यापारी माल आगगाडीत चढल्यावर वरचा कॉर्निश रस्ता गावोगावच्या बैलगाड्या, खेचरे आणि पादचारी यांच्यापुरता उरला. अशा रीतीने सायकल अवतरण्याच्या वेळी या किनाऱ्यावर युरोपात दुर्मीळ असलेली एक परिस्थिती निर्माण झाली होती. खडी ठोकून पक्का केलेला, बेताच्या चढाचा, सर्वत्र समुद्रदर्शन घडवणारा आणि तरीही जवळजवळ मोकळा असा एक लांबलचक रस्ता तयार होता आणि त्याला कोणी मोठा धनी उरला नव्हता.

सायकल मात्र त्या रस्त्याच्या लायकीची व्हायला आणखी काही वर्षे गेली. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले असलेल्या उंच सायकलींवरून डोंगराळ प्रदेशात उतरणे म्हणजे डोक्यावर पडण्याची जोखीम होती. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडमध्ये दोन जवळजवळ समान चाकांची व साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली, १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि १८८५ मध्येच मिलानमध्ये एदोआर्दो बियांकी यांनी आपली कार्यशाळा सुरू केली. तरीही या सायकलींना गिअर नव्हते आणि सुरुवातीला फ्रीव्हीलही नव्हते. फ्रीव्हील म्हणजे उतारावर पेडल न फिरवता चाक फिरू देणारी यंत्रणा. त्यामुळे लिगुरियातील प्रत्येक भूशिराच्या चढावर स्वाराला एक तर खाली उतरून सायकल ढकलावी लागे किंवा सारी ताकद लावून एकाच दातरीवर चढावे लागे, आणि उतारावर पेडले आपोआप गरगरत असल्याने पाय उचलून धरावे लागत. सायकलीची किंमत कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतकी असल्यामुळे हा छंद प्रथम वकील, डॉक्टर, व्यापारी आणि शहरी तरुणांपुरताच मर्यादित राहिला.

या वर्गानेच ८ नोव्हेंबर १८९४ रोजी मिलानमध्ये एक संस्था स्थापन केली, जिचे कार्य सायकलीच्या पलीकडे पोहोचले. ५७ सायकलस्वारांनी स्थापन केलेल्या ‘तूरिंग क्लब चिक्लिस्तिको इतालियानो’ या संस्थेचे पहिले अध्यक्ष फेदेरिको जॉन्सन होते, तर तिच्या कार्याला वळण देणारे व पुढे स्वतः अध्यक्ष झालेले लुइजी व्हित्तोरिओ बेर्तारेल्ली हे स्वतः कष्टाळू सायकल-प्रवासी होते आणि १८९७ मध्ये त्यांनी इटलीच्या अगदी दक्षिणेकडील कलाब्रियाचा प्रदेश सायकलवरून पालथा घातला होता. इटलीचे राजकीय एकीकरण होऊन तेव्हा पस्तीसच वर्षे होत होती आणि एका प्रांतातील माणसाला दुसऱ्या प्रांतातील रस्त्यांची माहिती मिळण्याचे साधन नव्हते. लष्करी नकाशे होते, पण कोणता रस्ता चाकाने जाण्याजोगा आहे, चढ कोठे लागतो, पाणी व मुक्काम कोठे मिळेल, यांची नोंद त्यांत नसे. ही उणीव क्लबने भरून काढली. गावोगावी ‘कॉन्सुल’ या नावाने मानद प्रतिनिधी नेमण्यात आले, जे परगावच्या सभासदाला रस्त्याची माहिती आणि सायकल-दुरुस्तीचा पत्ता देत. निवडक खाणावळी व हॉटेले सभासदांना सवलत देत. धोक्याची वळणे व तीव्र उतार दाखवणाऱ्या पाट्या क्लबने स्वखर्चाने रस्त्यांवर लावल्या. आणि मार्गाच्या चढ-उतारांचे उभे आलेख असलेली मार्गपुस्तके छापण्यात आली, ज्यांवरून प्रवाशाला दिवसाची मजल आधीच ठरवता येई. १९०६ पासून १९१४ पर्यंत क्लबने संपूर्ण इटलीचा १ : २,५०,००० या प्रमाणातील रस्त्यांचा नकाशा सभासदांना हप्त्याहप्त्याने पोहोचवला.

या उद्योगात राज्यसंस्थेचा वाटा किती अल्प होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. १८९७ मध्ये इटलीच्या संसदेने सायकलींवर वार्षिक कर बसवला, आणि मे १८९८ मध्ये पावाच्या भाववाढीवरून मिलानमध्ये दंगली उसळल्या तेव्हा जनरल बावा बेक्कारिस यांच्या लष्करी अंमलात तेथे सायकली चालवण्यावर बंदी घालण्यात आली, कारण पोलिसांच्या नजरेत झपाट्याने निरोप पोहोचवणारा सायकलस्वार हा संशयित होता. म्हणजे ज्या वाहनाने रस्त्यांची पहिली लोकोपयोगी पाहणी घडवून आणली, त्याच्याकडे शासन महसुलाचे साधन आणि सुरक्षेचा प्रश्न म्हणूनच पाहत होते. पाट्या, नकाशे आणि माहिती ही सायकलस्वारांनी उभी केलेली सामग्री नंतर मोटारवाल्यांनी वापरली. १९०० मध्ये क्लबनेही आपल्या नावातील ‘सायकल’ गाळून ‘तूरिंग क्लब इतालियानो’ हे व्यापक नाव घेतले.

लिगुरियाचा किनारा सर्वसामान्य इटालियन माणसाच्या मनात सायकलशी कायमचा जोडला गेला तो मात्र शर्यतीमुळे. लोंबार्दीच्या धुकट मैदानातून निघून तुर्किनो या ५३२ मीटर उंचीच्या खिंडीने डोंगर ओलांडायचा आणि समुद्राच्या कडेने फुलांचे व हिवाळी पाहुण्यांचे गाव असलेल्या सान्रेमोला पोहोचायचे, अशा मार्गावर १९०६ मध्ये प्रथम मोटारींची शर्यत घेण्यात आली. ती साफ फसली, आणि पुढच्या वर्षी ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्ट’ या क्रीडा-वृत्तपत्राने त्याच मार्गावर सायकली आणल्या. १४ एप्रिल १९०७ रोजी २८८ किलोमीटरची पहिली ‘मिलान–सान्रेमो’ शर्यत फ्रान्सच्या ल्युसियाँ पेती-ब्रतों यांनी ११ तासांहून किंचित अधिक वेळात जिंकली. १९१० मध्ये तुर्किनोवर बर्फाचे वादळ आले, ६३ पैकी मोजकेच स्वार सान्रेमोपर्यंत पोहोचले आणि विजयी ठरलेले यूजेन क्रिस्तोफ वाटेत एका घरात ऊब घेऊन पुन्हा निघाले होते. हिवाळा सरता सरता गारठलेल्या मैदानातून ऊन पडलेल्या समुद्राकडे नेणाऱ्या या शर्यतीने किनाऱ्याच्या सौम्य हवामानाची जी जाहिरात केली, तिचा लाभ सान्रेमोच्या हॉटेलांनाही झाला, आणि अनेक दशके ती संत योसेफच्या सणाच्या दिवशी, १९ मार्चला, होत राहिल्यामुळे उत्तर इटलीत तिला वसंताच्या आगमनाचे स्थान मिळाले.

शर्यतीचा मार्ग भूशिरांवरूनच जात असल्याने कापो मेले, कापो चेर्व्हो आणि कापो बेर्ता ही नावे रस्त्याच्या नकाशातून लोकांच्या बोलण्यात आली. ‘कापो’ म्हणजे भूशिर. तथापि या चढांवर स्पर्धक आणि प्रवासी यांच्या वाटा बराच काळ भिन्न राहिल्या. शर्यतींतील स्वार मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दातऱ्या लावत आणि चढाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे बसवत. हे काम झटपट व्हावे म्हणून व्हिचेन्त्साचे तुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३० मध्ये पाना न वापरता एका खिटीने चाक सोडवण्याची युक्ती पेटंट केली. याउलट, निव्वळ भटकणाऱ्यांना स्पर्धेचे नियम आड येत नव्हते. फ्रान्समधील सेंत-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही, जे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखले जात, आपल्या ‘ल सिक्लिस्त’ या नियतकालिकातून विसाव्या शतकाच्या आरंभापासून अनेक गिअरांचा पुरस्कार करत होते आणि ईस्टरच्या सुट्टीत भूमध्य समुद्राकडे दीर्घ सफरी काढून, चाळिशी-पन्नाशीतील सामान्य माणूसही दिवसभर डोंगराळ रस्ता कापू शकतो, हे दाखवून देत होते. फ्रान्सच्या महाशर्यतीने गिअर बदलणारी यंत्रणा १९३७ मध्ये मान्य केली. म्हणजे चढावर सुखाने सायकल चालवण्याची कला हौशी प्रवाशांनी व्यावसायिकांच्या कितीतरी आधी आत्मसात केली होती.

दरम्यान मोकळ्या रस्त्याचा वारसा हातचा निसटू लागला होता. मोटारींनी खडीच्या रस्त्यांवर उडवलेल्या पांढऱ्या धुळीने फुलबागा, घरे आणि पादचारी त्रस्त झाल्यावर स्विस डॉक्टर एर्नेस्ट गुग्लिएल्मिनेत्ती यांनी १९०२ मध्ये याच किनाऱ्यालगतच्या मोनॅकोत रस्त्यावर डांबर ओतण्याचा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. १९२८ मध्ये इटलीत राष्ट्रीय रस्त्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन होऊन रोमपासून व्हेंतिमिल्यापर्यंतचा किनारी रस्ता ‘व्हिया आउरेलिया’ या प्राचीन नावाने राज्यमार्ग क्रमांक १ ठरला. डांबरामुळे सायकल चालवणे सोपे झाले, पण त्याच डांबराने मोटारींनाही वेग दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम स्कूटर आणि मग छोट्या मोटारी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्यावर उन्हाळ्यात आउरेलियावर वाहनांची रांग लागू लागली, आणि सायकल हे कामगाराचे वाहन किंवा शर्यतीचे साधन एवढ्यापुरतेच उरले. १९७१ मध्ये सावोनापासून व्हेंतिमिल्यापर्यंतचा द्रुतगती महामार्ग पूल आणि बोगद्यांवरून खुला झाल्यावर लांब पल्ल्याची वाहतूक वर गेली खरी. पण किनाऱ्यावरील गावे तोपर्यंत इतकी वाढली होती की खालचा रस्ता स्थानिक वाहतुकीनेच भरलेला राहिला. मोठ्या वाहनाने जुनी वाट सोडली म्हणजे ती आपोआप सायकलीला मिळतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

या काळात सायकलस्वार किनारा सोडून उतारांवरील गावांकडे वळले, आणि त्याला पुन्हा शर्यतीनेच दिशा दिली. १९५३ नंतर सान्रेमोला एकही इटालियन विजयी होत नव्हता व सपाट शेवटामुळे झुंडीने धावणाऱ्या परदेशी वेगवान स्वारांचेच फावत होते, म्हणून संयोजक व्हिन्चेन्त्सो तोर्रियानी यांनी १९६० मध्ये शेवटच्या काही किलोमीटरांत पोज्जिओ ही चढण घातली, आणि १९८२ मध्ये तिच्या आधी चिप्रेस्सा ही अधिक लांब चढण आली. हे दोन्ही रस्ते ऑलिव्हच्या पायऱ्या आणि फुलांच्या काचघरांमधून शेतकऱ्यांसाठी काढलेले होते. दूरदर्शनवर ते झळकल्यानंतर युरोपभरातील हौशी स्वार तेथे येऊ लागले, आणि त्यांच्या मागोमाग आतील खोऱ्यांतील अशाच शेकडो लहान रस्त्यांचा शोध लागला. जुन्या वस्त्यांतील लोक किनाऱ्यावर उतरल्यामुळे या रस्त्यांवर वाहने विरळ होती.

किनाऱ्याची पातळी सायकलीला परत मिळाली ती रेल्वेने माघार घेतल्यावर. १८७२ चा लोहमार्ग अनेक ठिकाणी एकेरी होता आणि समुद्र व वस्ती यांच्या कात्रीत सापडल्यामुळे तेथे दुसरा रूळ टाकायला जागा नव्हती. त्यामुळे दुहेरी मार्ग डोंगराच्या पोटातून, लांब बोगद्यांतून, काढण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यातून व्हारात्से, कोगोलेतो व आरेन्त्सानो यांच्यामधील जुना मार्ग समुद्राकाठची फिरायची वाट बनला, आणि लेव्हांतेत लेव्हान्तो, बोनास्सोला व फ्रामुरा ही गावे जुन्या बोगद्यांतून सायकलने जोडली गेली. सर्वांत मोठे परिवर्तन पोनेंतेत घडले. सप्टेंबर २००१ मध्ये सान लोरेन्त्सो आल मारे ते सान्रेमो या भागातील गाड्या आतील नव्या मार्गावर गेल्या, आणि जुन्या रूळपट्टीवर २००८ पासून टप्प्याटप्प्याने ओस्पेदालेत्तीपर्यंत २४ किलोमीटरचा सायकलमार्ग तयार झाला, ज्यातील सान्रेमो व ओस्पेदालेत्तीमधला बोगदाच सुमारे पावणेदोन किलोमीटर लांब आहे. २०१५ च्या ‘जिरो द’इतालिया’ या महाशर्यतीचा १७.६ किलोमीटरचा पहिला, सांघिक टप्पा याच पट्टीवरून धावला.

या मार्गाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या सपाटीत आहे. रोमन, नेपोलियनी आणि आधुनिक असे तिन्ही रस्ते भूशिरांवर चढत राहिले. केवळ वाफेच्या इंजिनाच्या दुबळेपणामुळे एकोणिसाव्या शतकात ती पोखरली गेली, आणि त्या दुबळेपणाचा लाभ सव्वाशे वर्षांनंतर मुले, वृद्ध आणि सामानाने लादलेले प्रवासी यांना झाला. त्याची किंमतही मोजावी लागली आहे. नवी स्थानके समुद्रापासून दूर, काही ठिकाणी जमिनीखाली गेल्यामुळे आगगाडीने येणाऱ्याला गाव पूर्वीइतके जवळ राहिलेले नाही, आणि फिनाले लिगुरे ते अँडोरा या पट्ट्यात, जेथे गाड्या अजून जुन्या एकेरी मार्गावरून धावतात, स्थलांतराने गावांना काय मिळेल व काय गमवावे लागेल हा वाद त्यामुळेच निकाली निघालेला नाही. आउरेलियाचा अनुभव असे सांगतो की, सोडलेली वाट रिकामी राहिली तरच ती सायकलीची होते, आणि ती रिकामी राखणे हा निर्णय कोणीतरी जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. १८९४ च्या सायकलस्वारांना तो मोकळा रस्ता योगायोगाने मिळाला होता. एकविसाव्या शतकात मात्र नगरपालिका आणि प्रांत सरकार यांनी रूळपट्टी मोटारींना न देता राखून ठेवली, आणि शंभर वर्षांच्या या इतिहासात सायकलीसाठी सार्वजनिक संस्थांनी घेतलेला हाच पहिला मोठा निर्णय ठरतो.